संध्याकाळची चूल आणि घरची डाळ



आज आपण खताबद्दल बोलणार नाही, फवारणीबद्दलही नाही. आज बोलायचं आहे ते संध्याकाळच्या चुलीबद्दल. आता काही कारभारी मंडळी म्हणतील, हा बायकांचा विषय, आपण उठावं. तर तसं करू नका. थोडा वेळ बसा. कारण चुलीवर काय शिजतं हे स्वयंपाकघरात ठरत नाही. ते खळ्यावर ठरतं, आणि खळ्याचा हिशेब तुमच्या हातात असतो.

मागं एका गावात एका घरी बसले होते. आषाढाचे दिवस होते. घरची बाई भांगलणीहून येऊन नुकतीच टेकली होती. मुलाला तिनं दुकानात पिटाळलं, पाव किलो तूरडाळ आणायला, आणि वहीवर मांडून ठेव म्हणून सांगायला. मी सहज विचारलं, तुमच्याकडं तूर नसते का? ती हसली. म्हणाली, "असते की. आठ पोती झाली होती. माघातच सगळी घातली बाजारात." माघात जी तूर पोत्यानं गेली, तीच आषाढात डाळ होऊन पाव-पाव किलोनं परत आली. आपण विकली तेव्हा सुगीचा भाव होता. परत घेतली तेव्हा त्यावर आडत, हमाली, गाडीभाडं, गिरणीची मजुरी आणि दोन-तीन दुकानदारांचा नफा चढला होता. वर उधारी.

त्या रात्री त्या घरात जेवणं झाली. आधी पुरुष माणसं, मग पोरं, शेवटी ती. पातेल्यात तेव्हा डाळ उरली नव्हती. तिनं भाकरी, चटणी आणि पातेल्यात पाणी फिरवून काढलेलं कालवण खाल्लं. दिवसभर सगळ्यात जास्त वाकलेली तीच होती.

म्हणून आजची मुख्य गोष्ट एकच सांगते. वर्षाची घरखर्चाची डाळ आधी बाजूला काढा, मग उरलेला माल बाजारात न्या. बियाणं आपण राखून ठेवतो की नाही? तसंच हे. किराणा खर्च कमी करायचा याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

घराला डाळ किती लागते?

आपल्याकडं पोट भरण्याची चिंता आता धान्याची तेवढी राहिलेली नाही. ज्वारी-बाजरी घरची असते. प्राधान्य गटाचं रेशनकार्ड असेल तर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. अडतं ते डाळीपाशी. भाकरी भरपूर आणि कालवण पातळ, अशी आपल्या ताटाची तऱ्हा आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराबद्दल जे मार्गदर्शन केलं, त्यात मोठ्या माणसाला दिवसाला 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं असावीत असं धरलं आहे. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांचा तो पदार्थही त्यातच मोजायचा. एकदम तेवढं जमणार नसेल तर सुरुवातीला माणशी 60 ग्रॅम तरी धरा. पाच माणसांच्या घराला दिवसाला 300 ग्रॅम झाले. महिन्याला 9 किलो. वर्षाला 108 किलो.

यातलं निम्मं अख्खं कडधान्य म्हणून खायचं, म्हणजे मूग, मटकी, हुलगा, चवळी. ते 54 किलो. उरलेली 54 किलो डाळ. तूर किंवा हरभरा भरडला की क्विंटलमागे साधारण 70 किलो डाळ हाती येते. म्हणजे 54 किलो डाळीसाठी 77 किलो तूर-हरभरा लागेल. सगळं मिळून झालं 131 किलो. सव्वा ते दीड क्विंटल समजा. ज्याच्या रानात तूर-हरभरा होतो त्याला एवढं बाजूला ठेवणं जड नाही. ज्यांना शेत थोडं आहे त्यांनी सुगीतच शेजाऱ्याकडून पोतंभर एकदम घ्यावं. आणि पुढच्या खरिपात मुख्य पिकात तुरीच्या ओळी, बाजूला हुलगा, मटकी, चवळीचे चार-चार तास जरूर टाकावेत.

डाळ करायला जातं आहे, नसेल तर गिरणी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी डाळ मिलसुद्धा आता पुष्कळ गावांत बसली आहे. जवळपास असेल तर चौकशी करा. भरडल्यावर निघणारी चुणी म्हशीला होते, तीही फुकट जात नाही.

टिकवायची कशी?

कडधान्याचा शत्रू म्हणजे भुंगेरा. तो बऱ्याचदा शेतातूनच अंडी घालून घरी येतो. म्हणून कडधान्य कडक उन्हात चांगलं वाळवा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. गार झाल्यावरच भरा, गरम भरलं तर आत घाम येतो. डबा किंवा कोठी घट्ट झाकणाची हवी. किलोला चहाचा चमचाभर एरंडेल तेल चोळून ठेवलं तर भुंगेऱ्याला दाण्यावर अंडी घालणं अवघड जातं. ही आपल्या आज्यांची रीत आहे आणि ती खरी आहे. चार महिन्यांची डाळ वेगळ्या डब्यात काढा, म्हणजे मोठी कोठी रोज उघडावी लागणार नाही.

एक धोक्याची सूचना. धान्यात ठेवायच्या ज्या विषारी धुराच्या गोळ्या मिळतात, त्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्या धुरानं माणसं दगावतात.

संध्याकाळचा स्वयंपाक, आठवडी बाजाराच्या हिशेबानं

आता चुलीकडं येऊ. दिवे लागायच्या वेळी बाई रानातून येते. तेव्हा निवडणं, वाटणं, भाजणं असा चार पदार्थांचा घाट कोण घालणार? मग दुकानातून नूडलची पाकिटं येतात, फरसाण येतं. पोरांचं तोंड गप्प होतं, पण पोषण होत नाही, आणि पैसा जातो. म्हणून संध्याकाळी एकच भांडं चढवायचं, पण त्यात धान्य आणि डाळ दोन्ही असली पाहिजेत.

दोन्ही कशासाठी? ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं. डाळीत जे कमी असतं ते धान्यात असतं. एका बैलानं नांगर चालत नाही. जू दोघांच्या मानेवर हवं. तीन वाटे धान्य आणि एक वाटा डाळ, हे माप सोयीचं आहे.

आपलं सगळं आठवडी बाजारावर चालतं. म्हणून मी सोमवार-मंगळवार न सांगता बाजाराच्या दिवसापासून मोजते. माप पाच माणसांचं आहे.

बाजाराचा दिवस. आज पिशवीत पालेभाजी आहे. ती आधी संपवा, ठेवली की वाया जाते. चुका, चाकवत, पालक, जे असेल ते. दीड वाटी तूरडाळ आणि मूठभर शेंगदाणे शिजवून घ्या, चिरलेली भाजी घाला, लसणाची फोडणी द्या. पातळ भाजी आणि भाकरी. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की पाण्याबरोबर कसही जातो.

दुसरा दिवस. दोडका किंवा दुधी, त्यात एक वाटी हरभऱ्याची डाळ. डाळ सकाळी रानात जाताना भिजत टाका, संध्याकाळी लवकर शिजते. दोडक्याच्या शिरा टाकू नका. तव्यावर परतून तीळ, लसूण, मिरची घालून चटणी करा. एका दोडक्यात दोन पदार्थ झाले. आज सकाळी आणखी एक काम करायचं. दोन वाट्या मटकी भिजत घालायची आणि रात्री फडक्यात बांधून ठेवायची.

तिसरा दिवस. मटकीला मोड आले. मोड आल्यानं दोन वाट्यांचं दुपटीहून जास्त भरतं, पचायला सोपं होतं आणि क जीवनसत्त्व तयार होतं. कांदा, हळद, तिखट, थोडा गूळ घालून रस्सा करा. शिजल्यावर वरून लिंबू पिळा.

चौथा दिवस. मुगाच्या डाळीची खिचडी. तीन वाट्या रेशनचा तांदूळ, एक वाटी मूगडाळ. बांधावर शेवगा असेल तर मूठभर पाला चिरून घाला. सोबत ताकाची कढी, चमचाभर बेसन लावून. ताक पातळ असलं तरी चालतं. म्हातारं माणूस, लेकरू, आजारी, सगळ्यांना हे चालतं.

पाचवा दिवस. हुलग्याचे शेंगोळे. तीन वाट्या हुलग्याचं पीठ, एक वाटी ज्वारीचं पीठ, लसूण, मिरची, जिरं, मीठ. घट्ट मळून तळहाताला तेलाचं बोट लावून शेंगोळे वळा. पातेल्यात फोडणी देऊन पाणी उकळा, त्यात सोडा. पंधरा-वीस मिनिटांत शिजतात. परातीत चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून तेही त्यातच ओता, रस्सा दाट होतो. वेगळी भाकरी थापायची गरज नाही. कोकणातली माणसं याच कुळथाचं पिठलं करून भाताबरोबर खातात. हुलगा हलक्या रानात, थोड्या पावसावर येतो. त्याला गरिबाचं अन्न म्हणून नाक मुरडू नका.

सहावा दिवस. चकोल्या, कुणी वरणफळं म्हणतात. दीड वाटी तूरडाळीची आमटी करा, चिंच-गूळ घालून जरा पातळ. तीन वाट्या गव्हाचं पीठ मळून पोळी लाटा, सुरीनं कापून तुकडे उकळत्या आमटीत सोडा. पोरं आवडीनं खातात, आणि पाकिटातल्या नूडलची आठवण काढत नाहीत. गरम असताना वर थोडं तूप किंवा तेल.

सातवा दिवस, म्हणजे बाजाराच्या आदला. टोपली रिकामी, फक्त कांदा-लसूण शिल्लक. आज पिठलं. दोन वाट्या बेसन थोड्या गार पाण्यात गाठी मोडून कालवा. फोडणीत कांदा, लसूण, मिरची परतून पाणी उकळा आणि कालवण त्यात सोडून ढवळा. सगळं मिळून पाणी सहा वाट्या. भाकरी, पिठलं, कच्चा कांदा. दमून आलेल्या माणसाला याहून गोड काय लागतं?

दळणातही डाळ मिसळता येते. खानदेशात कळण्याची भाकरी करतात. चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद घालून दळलं की भाकरीतच डाळ आली. ज्या दिवशी कालवण करायला अंगात त्राण नसेल त्या दिवशी कळण्याची भाकरी, तेल आणि ठेचा यावरही भागतं.

बांधावरची भाजी

पावसाळ्यात रानात घोळ, तांदुळजा, पाथरी, चिवळ आपोआप उगवते. ही भाजी फुकट असते आणि बाजारच्या भाजीपेक्षा कसानं कमी नसते. ज्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला आहे अशी आजी घरात असेल तर तिला विचारा, कोणता पाला खायचा आणि कोणता नाही, हे ती बोटावर सांगेल. मात्र ज्या रानात तणनाशक किंवा कीटकनाशक मारलं आहे तिथली भाजी खुडू नका. घरामागं सांडपाण्याच्या जागी शेवग्याचं एक झाड लावा. फांदी रोवली तरी जगतं. छाटत राहा, म्हणजे पाला हाताशी येतो.

पाल्यात लोह असतं. ते अंगी लागायला आंबट हवं. लिंबू पिळा, कैरी घाला, आवळा खा. आणि जेवल्याबरोबर चहा घेऊ नका. चहा त्या लोहाला अंगी लागू देत नाही. तासभर थांबून घ्या.

सरपण आणि गॅस वाचवा

डाळ, तांदूळ आधी भिजवले की जळण कमी लागतं. पातेल्यावर झाकण ठेवा. उकळी आली की जाळ कमी करा. जोराच्या जाळानं पाणी उकळून जातं, पण डाळ लवकर शिजत नाही. कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. डाळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा टाकू नका, त्यानं ब जीवनसत्त्व नष्ट होतं.

आणखी एक युक्ती. एका मोठ्या टोपलीत किंवा खोक्यात वाळलेलं गवत नाहीतर जुनी वाकळ दाबून भरा आणि मध्ये पातेल्याएवढा खड्डा करा. भिजवलेल्या डाळ-तांदळाची खिचडी झाकण ठेवून दहा मिनिटं चांगली उकळू द्या. मग पातेलं तसंच त्या खड्ड्यात ठेवून वरून वाकळ झाका. तासाभरात आतल्या उष्णतेवर खिचडी शिजते. तोवर धारा काढून होतात. मात्र काढल्यावर गरम गरमच खा, रात्रभर त्यात ठेवू नका.

वही उघडून पाहा

आज रात्री एक काम करा. दुकानाच्या उधारीची वही घरी आणा, दिव्याखाली बसा आणि गेल्या महिन्याच्या नोंदी सगळ्यांनी मिळून वाचा. जे आपल्या रानात पिकतं किंवा पिकू शकतं, त्याच्यासमोर खूण करा. डाळ, बेसन, शेंगदाणे, तीळ, मिरची, हळद, लसूण. दुसरी खूण बिस्किटं, फरसाण, वेफर, रंगीत पाण्याच्या बाटल्या यांच्यासमोर करा. दोन्हींची बेरीज मांडा. मी आकडा सांगत नाही, तुमची वहीच सांगेल. पहिल्या खुणेचे पैसे पुढच्या सुगीपासून वाचवता येतील. दुसऱ्या खुणेचे उद्यापासून. त्यातून आठवड्याला डझनभर अंडी आली, किंवा पोरांसाठी अर्धा लिटर दूध घरात राहिलं, तरी पुष्कळ झालं. पोरांनी दूध डेअरीला घालताना पाहायचं आणि प्यायला बिस्किट बुडवून काळा चहा, हे बरं नव्हे.

शेवटचं आणि महत्त्वाचं

कारभाऱ्यांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणजे दोन घरांपैकी एका घरातली बाई. कदाचित आपल्याच. तिला चक्कर येते, दम लागतो, हातपाय गळतात, आणि ती म्हणते, काही नाही, जरा कणकण आहे. बैल बसला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. घरातल्या माणसाचं तेवढं तरी पाहावं की नाही?

तेव्हा डाळ कोठीत राखून ठेवली म्हणजे काम संपलं असं समजू नका. ती शेवटच्या ताटापर्यंत पोचली पाहिजे. उपाय साधा आहे. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एका वेळी, एका पंगतीला बसून घ्या. तेवढं जमत नसेल तर वाढायच्या आधी तिची वाटी भरून बाजूला झाकून ठेवा. हे काम घरातल्या कुणीही करावं, मुलानं केलं तर फारच चांगलं. आणि थकवा फार असेल तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या.

थोडक्यात ध्यानात ठेवा :

1. माल विकण्याआधी घरखर्चाचं कडधान्य बाजूला काढा. पाच माणसांना सव्वा ते दीड क्विंटल.

2. कडक वाळवा, गार करून भरा, किलोला चमचाभर एरंडेल लावा. विषारी गोळ्या घरात नकोत.

3. संध्याकाळी एकच भांडं. तीन वाटे धान्य, एक वाटा डाळ.

4. बाजाराच्या दिवशी पालेभाजी, मग फळभाजी, मग मोडाचं कडधान्य, शेवटी पिठलं.

5. पालेभाजीवर लिंबू. जेवणाला लागून चहा नको.

6. डाळ सकाळी भिजत घाला. सोडा टाकू नका.

7. शेवटच्या ताटात डाळ आहे का, ते रोज पाहा.

हे पत्रक घरात सगळ्यांना वाचून दाखवा आणि कोठीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या सुगीत तुरीची पोती गाडीत भरण्याआधी कोठी उघडाल, तेव्हा ते नजरेसमोर येईल. त्या वेळी एक पोतं खाली उतरवा. आषाढात पोराला पाव किलो डाळीसाठी दुकानात पळवावं लागणार नाही.

बरं तर, रामराम.